चषक गेला तरी चालेल!

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



फुटबॉलच्या स्पर्धेतला सगळ्यात अवघड सामना कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण अंतिम सामना असंच सांगतील. माझं मत जरा वेगळं आहे. अंतिम सामन्यात हरलेल्या संघाला निदान उपविजेता म्हणतात. त्याचा फोटो निघतो, छोटा का होईना, एक चषक हातात पडतो. उपान्त्य सामन्यात हरलेल्याला काहीच मिळत नाही. अगदी दारापर्यंत येऊन परत फिरावं लागतं. त्यातून समोरचा संघ जर त्याच गावातला असेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी असेल, तर मग विचारूच नका. साखळी स्पर्धेत आज हरलो तर परतीच्या सामन्यात बघून घेऊ, असं म्हणता येतं. बाद फेरीत ती सोय नाही. बरोबरी नाही, उद्या नाही. एक जातो, एक राहतो. आणि जो जातो त्याला पुढचं वर्षभर त्याच गल्लीतून, त्याच चहाच्या टपरीवरून जायचं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे पेठापेठांतली, तालमीतालमींतली फुटबॉलची चुरस मला नवीन नव्हती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की घराघरांत काय वातावरण असतं, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. पण १९९७ साली बँकेच्या बदलीवर मी कोलकात्यात होतो आणि तिथे एका उपान्त्य सामन्याची चर्चा मी जी ऐकली, तशी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. आज त्या सामन्यापेक्षा त्या चर्चेबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

सामना होता फेडरेशन चषकाचा. ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. तारीख १३ जुलै १९९७, वार रविवार, मैदान सॉल्ट लेकचं.

या दोन क्लबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. १९११ साली या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. आपल्या माणसांनी अनवाणी पायांनी साहेबाला त्याच्याच खेळात हरवलं, याचा आनंद तेव्हा सगळ्या देशाला झाला होता. ईस्ट बंगाल क्लब निघाला १९२० साली. जोडाबागान नावाच्या संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात पूर्व बंगालच्या एका खेळाडूला बाहेर बसवलं. तो आपल्या भागातला म्हणूनच वगळला, अशी भावना झाली आणि त्या रागातून सुरेशचंद्र चौधुरी आणि त्यांच्या मित्रांनी वेगळा क्लब काढला. नावही ठेवलं ते गावाकडचंच, ईस्ट बंगाल.

पुढे १९४७ साली फाळणी झाली. पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार सोडून कोलकात्यात आली. या माणसांना तिथे ‘बांगाल’ म्हणत आणि मूळच्या पश्चिमेकडच्या लोकांना ‘घोटी’. दोघांची बोली वेगळी, स्वयंपाकाची पद्धत वेगळी. मासे दोघंही खाणार, पण ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश घरी यायची आणि मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी. त्या दिवशी बाजारात त्या त्या माशाचा भाव चढतो, असं तिथे सगळेच सांगतात. आता घोटी-बांगाल लग्नं सर्रास होतात, घरं एकमेकांत मिसळली आहेत. तरी नवी सून कोणत्या क्लबची, ही चौकशी अजून होतेच.

आमच्या शाखेत हेड कॅशियर होते ते बांगाल. त्यांचे वडील बारिसालहून आलेले. आणि अकाउंटंट होते ते बागबाजारचे, पक्के घोटी. दोघांची टेबलं शेजारी शेजारी. वीस वर्षं दोघं एकाच शाखेतून दुसऱ्या शाखेत जात पुन्हा एकत्र येत होते. मी दोघांनाही दादा म्हणायचो. सामन्याआधी आठवडाभर त्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत जे चाललं होतं, त्याला बंगालीत ‘अड्डा’ म्हणतात. आपल्याकडे कट्टा म्हणतो तसं, पण त्याहून जास्त मनापासून.

त्या वर्षी चर्चेला खाद्य भरपूर होतं. मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त. स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे धडे घेतलेला, पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून जगणारा हा माणूस. त्यांनी ‘डायमंड’ नावाची रचना आणली होती. मधल्या फळीत हिऱ्याच्या आकारात खेळाडू उभे करायचे आणि बचावपटूंनीही पुढे सरकून आक्रमणात भाग घ्यायचा. या पद्धतीने मोहन बागानने आधीच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडवली होती. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघातले खेळाडू. खेळाडूंना बोलून बोलून पेटवण्यात त्यांचा हातखंडा. कोलकात्यात त्याला ‘व्होकल टॉनिक’ म्हणायचे.

त्यात अमलबाबूंची जीभ तिखट. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची टिंगल केली. भायचुंगला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शोशा’, म्हणजे काकडी! वृत्तपत्रांनी ते मोठ्या चवीने छापलं आणि शहर आणखी तापलं.

आमचे अकाउंटंट डायमंडचे कट्टर पुरस्कर्ते. ते बँकेच्या व्हाउचरच्या पाठीवर पेन्सिलीने आकृत्या काढायचे. “हे बघा दादा, चेंडू इथे आला की हे तिघं असे सरकणार. ईस्ट बंगालला श्वास घ्यायला जागा कुठे आहे?” असं मला समजावायचे. कॅशियर शांतपणे नोटा मोजत असायचे. गड्डी बांधून झाली की म्हणायचे, “सगळे पुढे गेले, तर मागे कोण राहिलं? तुमच्या हिऱ्याच्या पाठीमागे मोकळं माळरान आहे. आणि आमचं पोरगं पळतं कसं, ते पाहिलंय ना?”

हे पोरगं म्हणजे सिक्कीमचा भायचुंग भुतिया. तेव्हा वय वर्षं वीस. मोहन बागानकडे चीमा ओकोरी होता, नायजेरियाहून आलेला धिप्पाड आघाडीपटू. पूर्वी तो ईस्ट बंगालकडूनही खेळलेला. त्यामुळे “आमचंच खाऊन आमच्यावर उलटला,” हा एक मुद्दा रोज निघायचा. त्यावर “प्रशिक्षक तुमचा की आमचा? दोघांनी दोन्ही घरचं मीठ खाल्लंय,” असं उत्तर यायचं. तेही खरंच होतं. पी. के. आणि अमल दत्त, दोघांनीही दोन्ही क्लबांना वेगवेगळ्या वेळी शिकवलेलं.

श्रोतेहो, या चर्चेतली एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. वरवर पाहता हे भांडण होतं, पण त्यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या संघाची इत्थंभूत माहिती होती. मोहन बागानचा कोणता बचावपटू कोणत्या पायाने कच्चा आहे, हे कॅशियरना अकाउंटंटपेक्षा जास्त ठाऊक. ईस्ट बंगालच्या गोलरक्षकाचे गुणदोष अकाउंटंटना तोंडपाठ. आपल्या संघावर प्रेम असतंच, पण अभ्यास करावा लागतो तो प्रतिस्पर्ध्याचा. त्यासाठी त्याच्याकडे नीट पाहावं लागतं, वर्षानुवर्षं पाहावं लागतं. इतकं निरखून आपण जवळच्या नातेवाइकांकडेही पाहत नाही.

एकदा मी कॅशियरना विचारलं, “दादा, तुमचा जन्म कोलकात्याचा. बारिसाल तुम्ही पाहिलंही नाही. मग एवढं का लावून घेता?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमचं गाव नकाशातून गेलं. क्लबच्या नावात तेवढं राहिलंय. ते हरलं की बाबा जेवायचे नाहीत. आता मी जेवत नाही.” त्यानंतर मी त्यांना हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

ही माया बंगालबाहेरही पोचली होती. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरायची. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. कोलकात्याचे संघ आले की मुंबईतले बंगाली कूपरेजवर लोटायचे. त्यात संगीतकार सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे आणि गायक मन्ना डे मोहन बागानचे. एरवी गाण्यात एकमेकांवर जीव टाकणारी ही माणसं फुटबॉलच्या दिवशी एकमेकांच्या विरुद्ध असायची. बर्मनदांचा संघ हरला की त्यांचा मूड जायचा, ही आठवण सिनेसृष्टीत बरीच सांगितली जाते.

आता सामन्याकडे वळू. त्या रविवारी सॉल्ट लेकवर अधिकृत नोंदीप्रमाणे १,३१,७८१ प्रेक्षक होते. भारतात एखाद्या खेळाच्या सामन्याला इतकी गर्दी झाल्याची दुसरी नोंद सहसा सांगितली जात नाही. आता त्या मैदानाचं नूतनीकरण होऊन आसनं कमी झाली आहेत, त्यामुळे तिथे तरी हा आकडा मागे पडण्याची शक्यता नाही.

आम्ही तिघं बसने एकत्र गेलो. वाटेत चर्चा चालूच. दारापाशी मात्र दोघं थांबले आणि वेगळे झाले. ईस्ट बंगालची गॅलरी वेगळी, मोहन बागानची वेगळी. निघताना अकाउंटंट म्हणाले, “त्या पानवाल्यापाशी. जो जिंकेल त्याने थांबायचं.” मला हे जरा विचित्र वाटलं. हरलेला आधी बाहेर पडतो, जिंकलेला नाचत बसतो, असंच आपण पाहतो. मी कॅशियरांबरोबर लाल-पिवळ्या गॅलरीत गेलो.

सामन्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो, कारण तो इतिहासात नोंदलेला आहे. पूर्वार्धात नझीमुल हकने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात भायचुंगने दुसरा गोल केला. चीमाने एक गोल फेडला, तेव्हा समोरची हिरवी-मरून गॅलरी अशी गरजली की आमच्या पायाखालचं काँक्रीट थरथरलं. पण नंतर भायचुंगने आणखी दोन गोल मारले. हॅट्‌ट्रिक. ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. डायमंडच्या पाठीमागचं मोकळं माळरान कॅशियरांनी सांगितलं होतं तिथेच होतं आणि ते पोरगं त्यातून पळत सुटलं होतं.

बाहेर आल्यावर कॅशियर त्या पानवाल्यापाशी उभे राहिले. भोवती मिरवणुका, मशाली, ढोल. मशाल हे ईस्ट बंगालचं चिन्ह. पाऊण तासाने गर्दीतून अकाउंटंट आले. कोणी काही बोललं नाही. कॅशियरांनी त्यांच्यासाठी पान लावून घेतलं. बसमध्ये दोघं शेजारी बसले आणि थेट श्यामबाजारपर्यंत सामन्याचा विषय निघाला नाही. मला वाटलं, हे फार लावून घेतलेलं दिसतंय. पण दुसऱ्या दिवशी मला त्याचं कारण कळलं.

१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा कोलकाता लीगमधला सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांनाही बाहेर काढण्यात आलं आणि त्याची ठिणगी गॅलरीत पडली. त्या भागात दोन्हीकडचे प्रेक्षक मिसळून बसले होते. मारामारी, चेंगराचेंगरी, पळापळ. त्या दिवशी सोळा माणसं मेली. सामना पाहायला घरून निघालेली सोळा माणसं. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला होता, म्हणजे ज्याच्यासाठी भांडले त्याचा निकालही लागला नाही. मन्ना डे यांनी त्या घटनेवर एक गाणं गायलं, ते बंगालमध्ये अजून ऐकलं जातं. दर वर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमींचा दिवस पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान करतात.

आमचे दोन्ही दादा त्या दिवशी ईडनवर होते. तेव्हा ते तरुण होते आणि नुकतेच बँकेत लागले होते. दोघांची ओळख होती, पण मैत्री नव्हती. जिन्यावर चेंगराचेंगरीत सापडले असताना एकाने दुसऱ्याला हात देऊन वर ओढलं. कोणी कोणाला ओढलं यावरसुद्धा त्यांच्यात एकमत नव्हतं. दोघंही म्हणायचे, त्याने मला ओढलं. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. जायचं एकत्र, बसायचं वेगळं, यायचं एकत्र. जिंकलेल्याने हरलेल्याची वाट पाहायची. आणि हरलेला स्वतःहून बोलेपर्यंत जिंकलेल्याने तोंड उघडायचं नाही.

सोमवारी दुपारपर्यंत अकाउंटंट बोलले नाहीत. कॅशियरही नाहीत. एरवी त्या दोन टेबलांच्या मधून जाताना कान किटायचे, त्या दिवशी नुसता टाइपरायटरचा आवाज. तीनच्या सुमारास अकाउंटंटनी एक व्हाउचर उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि म्हणाले, “तिसरा गोल ऑफसाइड होता.” कॅशियरांचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून ते म्हणाले, “दाखवा कुठे ते.” आणि अड्डा पुन्हा सुरू झाला. सगळ्या शाखेने सुटकेचा निःश्वास टाकला, आमच्या मॅनेजरसाहेबांनीसुद्धा!

मंडळी, मी जे सांगायला आलो ते हेच. चाहत्यांची ही न संपणारी चर्चा आपल्याला रिकामटेकडी वाटते. तासन्‌तास त्याच त्या गोष्टी काय उगाळायच्या, असं घरातली माणसं म्हणतात. पण ज्याच्याशी आपण वाद घालतो त्याचं आपण ऐकत असतो. तो उद्या पुन्हा वाद घालायला यावा, अशी आपली मनातून इच्छा असते. ज्या दिवशी बोलणं थांबतं आणि दगड हातात येतो, त्या दिवशी समोरचा माणूस दिसेनासा होतो, नुसता रंग दिसतो. ईडनवर तेच झालं.

आता तुम्ही विचाराल, त्या वर्षी फेडरेशन चषक जिंकला कोणी? ईस्ट बंगालने नाही! अंतिम सामन्यात गोव्याच्या, वास्कोच्या साळगावकर संघाने त्यांना २-१ असं हरवलं आणि चषक गोव्याला नेला. कोलकात्यात याचं दुःख झालं असेल असं मला वाटलं होतं. कॅशियरांना विचारलं तर म्हणाले, “चषक गेला तरी चालेल. आमचा फायनल रविवारीच झाला.” साळगावकरच्या खेळाडूंवर हा खरा अन्याय आहे. एवढ्या मोठ्या स्पर्धेचे विजेते ते, आणि आठवण सांगितली जाते ती त्यांच्याविना झालेल्या सामन्याची.

योगायोग असा, की २०१७ साली फेडरेशन चषकाची शेवटची स्पर्धा झाली, तिच्या उपान्त्य फेरीतही हेच दोन संघ कटकच्या मैदानावर समोरासमोर आले. या वेळी मोहन बागान २-० असं जिंकलं. आणि अंतिम सामन्यात बंगळूरुच्या संघाकडून हरलं. म्हणजे वीस वर्षांच्या अंतराने दोन्ही बाजूंना एकेकदा तोच आनंद आणि तीच चुटपुट मिळाली. त्या स्पर्धेनंतर फेडरेशन चषक बंद झाला. अमल दत्त २०१६ साली गेले, पी. के. बॅनर्जी २०२० साली. तरी डायमंड बरोबर होता की चूक, हा वाद काही मिटलेला नाही.

आणि एक शेवटची गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना होता. सुरक्षेच्या कारणावरून तो रद्द करण्यात आला. तरीही त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे चाहते सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर जमले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तरी लाल-पिवळे आणि हिरवे-मरून झेंडे शेजारी शेजारी राहिले. त्या मुलीला न्याय मिळावा, अशी मागणी दोन्ही गॅलऱ्यांनी एका आवाजात केली.

बाहेरच्यांना याचं आश्चर्य वाटलं. शंभर वर्षांचे वैरी एकत्र कसे आले, असे मथळे आले. मला तसं वाटलं नाही. वैरी असते तर एकत्र येणं कठीण होतं. ते शंभर वर्षं एकमेकांशी बोलत आलेले लोक होते. तेव्हा तुमच्याही गावात, तुमच्याही पेठेत उपान्त्य सामना असेल, तर जरूर भांडा. आकृत्या काढा, ऑफसाइडवरून हमरीतुमरीवर या. फक्त हरलेल्यासाठी थोडं थांबा. त्याच्याशिवाय पुढच्या वर्षी वाद घालणार कोणाशी?